तापनसंस्थेतील पाणी
जर्मनीसारख्या थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी बॉयलर व रेडिएटर यांतून फिरणारे पाणी. दुष्फेन पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन चुन्याचा थर बसतो. त्याखालील धातू अतितप्त होऊन तडकू शकतो. विरघळलेला ऑक्सिजन पोलाद गंजवतो. रेडिएटरमधील हवा काढताना काळेशार पाणी आले, तर तो बहुधा मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा) गाळ असतो. जर्मन अभियंता संघाच्या 'व्हीडीआय २०३५' मार्गदर्शिकेनुसार पाण्याचा सामू ८.२ ते १० असावा. ॲल्युमिनियमचे भाग असल्यास कमाल ९. आयन-विनिमयाने पाणी सुफेन होते, पण क्षार उरतात. म्हणून खनिजमुक्त पाणी अधिक चांगले. गळती न शोधता वारंवार पाणी भरणे सर्वांत घातक, कारण प्रत्येक वेळी नवा ऑक्सिजन आत येतो.