आपत्तीत सरकार आणि समाज : सावित्रीमाईंनी घालून दिलेला धडा

वर्धापन दिन आला की आपण विहाराला रंग देतो, पताका लावतो, खीरदान करतो. ते आनंदाने करावेच. पण यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा वाटले, की संकटाच्या वेळी वस्तीने काय करावे याबद्दल आपला इतिहास काय सांगतो ते मांडावे. पूर येतो, आग लागते, साथ येते. तेव्हा 'सगळे सरकारने करावे' असे आपण म्हणतो, आणि 'लोकांना काय कळते' असे साहेब म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत खोट आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यातील दोन प्रसंगांवरून ती कळते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने ज्यांना गुरू मानले, त्या महात्मा जोतीरावांच्या घरचीच ही हकीकत आहे.

पहिला प्रसंग १८७७ सालचा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. सत्यशोधक समाजाची माणसे भुकेल्यांना अन्न देण्याच्या कामी लागली. जोतीरावांनी मुलांसाठी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. सावकारांच्या लुबाडणुकीमुळे तिकडे दंगे झाले, कलेक्टर पोलीस घेऊन आला आणि पन्नास सत्यशोधकांनाच अटक झाली! पुढे कलेक्टरने सावित्रीबाईंना भेटीस बोलावले. त्या गेल्या. भल्या माणसांवर खोटा आळ का घेतला, त्यांना ताबडतोब सोडा, असे त्यांनी तोंडावर सांगितले. कलेक्टर न्यायी निघाला. त्याने हाताखालच्या लोकांना फैलावर घेतले, अटकेतली माणसे सोडली आणि अन्नदानासाठी चार गाड्या ज्वारी पाठवून दिली.

यातले मर्म बघा. ज्वारी आणि गाड्या सरकारजवळ होत्या. पण कोणाच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही, हे गावात फिरणाऱ्या सत्यशोधकांना ठाऊक होते. दोघे एकत्र आले तेव्हाच भाकरी भुकेल्याच्या हातात पडली.

दुसरा प्रसंग वीस वर्षांनंतरचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढे पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. जोतीराव १८९० सालीच गेले होते. सावित्रीबाईंचे वय सहासष्ट. पुत्र डॉ. यशवंत लष्करी सेवेतून रजा घेऊन आले आणि मायलेकांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उभारला. तिथे जात विचारली जात नव्हती. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक पोर प्लेगने तडफडत होते. त्याला माईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे १३ मार्चला, पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीची घरझडती सुरू झाली. गोरे सैनिक घरात शिरत, बायाबापड्यांची तपासणी होई, सामानसुमान जाळले जाई. १९ मेपर्यंत घरझडत्यांचा आकडा २ लाख १८ हजारांवर गेला. सापडले किती? ३३८ रुग्ण आणि ६४ मृतदेह. कारण उघड आहे. शिपाई दिसला की लोक आजारी माणूस लपवीत. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या मार्चमध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. मग सरकारला शहाणपण आले. सक्ती सैल झाली, स्थानिक स्वयंसेवकांना बरोबर घेतले गेले. जातीजमातींना आपापली प्लेग-रुग्णालयेही काढू दिली. पण ज्या जातीपाशी पैसाच नाही, तिच्या रोग्याने जायचे कुठे? हा प्रश्न ससाणे मळ्यात कधी उभाच राहिला नाही.

तोच १८९७ चा कायदा २०२० साली कोरोनात पुन्हा लागू झाला. तेव्हा धारावीत महापालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले. रोज ज्यांच्याकडून औषध घ्यायचे तेच डॉक्टर दाराशी आले, म्हणून ताप लपवण्याची गरज उरली नाही. कायदा जुनाच होता, फक्त दार वाजवणारा हात ओळखीचा होता.

तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः धुतले, हे आपण धम्मप्रवचनात ऐकतो. ती शिकवण वंदनेपुरती राहू नये. गल्लीत एकटे म्हातारे कोण, बाळंतीण कुठे, अंथरुणाला खिळलेले कोण, याची वही विहारात असावी. दहा तरुणांनी प्रथमोपचार शिकावेत. वॉर्ड ऑफिस आणि पोलीस चौकीशी ओळख आधीच करून ठेवावी. संकटात साहेब आले तर त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहू नये, आणि पाठही फिरवू नये. माई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या तसे उभे राहावे : हक्काने बोलावे, आणि मिळालेली ज्वारी स्वतः घरोघर पोचवावी.

जय भीम! नमो बुद्धाय!