नावामागची तयारी : सहा कर्तबगार स्त्रियांची ओळख

वाचकहो, शाळेच्या संमेलनात एखाद्या मुलीला ‘तुला मोठेपणी कोण व्हायचे आहे?’ असे विचारले, की ती कधी डॉक्टर म्हणते, कधी शिक्षिका म्हणते, तर कधी लाजत लाजत पडद्यावरच्या एखाद्या तारकेचे नाव घेते. सभागृहात हशा होतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो. पण ज्या स्त्रीचे नाव घेतले गेले, ती प्रसिद्ध होण्यापूर्वी काय शिकली होती? तिला शिकू देण्यासाठी घरातून कोण पाठीशी उभे राहिले होते? हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. नाव सर्वांना दिसते, नावामागची तयारी कोणाला दिसत नाही. प्रस्तुत लेखात सिनेमा, दूरदर्शन आणि सार्वजनिक जीवन या क्षेत्रांतील सहा स्त्रियांची ओळख करून द्यावयाची आहे, ती याच दृष्टीने.

मुलींच्या तालमीची कथा आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे नायगावला राहिल्या असता त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. एवढ्याशा उल्लेखावरूनही एक गोष्ट कळते. काम करणारी बाई कुरकुर करीत नाही, आणि म्हणूनच पुष्कळदा तिची नोंदही होत नाही.

आता सिनेमाकडे वळू. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाला करावी लागली. स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १९२२ साली, फातिमा बेगम ‘वीर अभिमन्यू’ या मूकपटात आल्या. त्या आधी रंगभूमीवर काम करीत होत्या, म्हणजे अभिनयाची तालीम त्यांच्यापाशी होती. नुसत्या नटी म्हणून राहण्यात त्यांनी समाधान मानले नाही. १९२६ साली त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि ‘बुलबुले परिस्तान’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते यामुळे. सुलताना, जुबेदा आणि शहजादी या त्यांच्या तिन्ही मुली चित्रपटात आल्या.

यातील जुबेदा यांचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याची नायिका जुबेदा होत्या. मूकपटात चेहरा पुरत असे, बोलपटात मात्र भाषा लागू लागली, उच्चार शुद्ध लागू लागले, गाता गळा लागू लागला. ज्यांच्याजवळ हे शिक्षण होते त्या टिकल्या. ज्यांच्याजवळ नव्हते अशा कितीतरी जणी नाहीशा झाल्या. संधी अचानक येते, पण तयारी अचानक होत नाही. ‘बुलबुले परिस्तान’ आणि ‘आलम आरा’ या दोन्ही चित्रपटांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पडद्यावरची कीर्ती इतकी नाशवंत असते.

दुसरी ओळख सार्वजनिक जीवनातील आहे. बेगम कुदसिया ऐजाज रसूल यांचा जन्म १९०९ सालचा. घराणे मलेरकोटला संस्थानाचे, आणि विवाह झाला तो संयुक्त प्रांतातील संडीला येथील तालुकदारांशी. म्हणजे घरात ऐश्वर्य होते, पण पडदाही होता. १९३५ च्या कायद्याने स्त्रियांच्या मताधिकाराची व्याप्ती वाढली. ज्या निकषांवर हे मत मिळत असे, त्यांत साक्षरता हाही एक निकष होता. वाचकहो, त्या काळी अक्षरओळख म्हणजे मताचा हक्क असा हा सरळ हिशेब होता! १९३७ च्या निवडणुकीत बेगमसाहेबांनी पडदा बाजूला ठेवला, राखीव नसलेल्या जागेवरून निवडणूक लढवली आणि त्या प्रांताच्या विधानपरिषदेत निवडून आल्या. पुढे त्याच सभागृहाच्या उपाध्यक्षपदाचे काम त्यांनी सांभाळले.

देशाची राज्यघटना तयार करणाऱ्या घटना समितीतील पंधरा स्त्री-सभासदांमध्ये मुस्लिम स्त्री एकच होती, ती म्हणजे बेगम रसूल. धर्मावर आधारित राखीव मतदारसंघ आपल्याच समाजाला इतरांपासून तोडतील, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी समितीत निर्भयपणे मांडले. स्वतः जमीनदार घराण्यातील असूनही त्यांनी जमीनदारी नष्ट करण्यास पाठिंबा दिला. त्यांना हॉकीचीही आवड होती आणि महिला हॉकी संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले. २००० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ साली त्यांचे निधन झाले. आपल्या आत्मकथेच्या नावातच त्यांनी पडद्यापासून संसदेपर्यंतचा आपला प्रवास सांगून ठेवला आहे.

तिसरे नाव आपल्या मुंबईचे आहे. कुलसुम सयानी यांचा जन्म १९०० साली गुजरातेत झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते, पतीही डॉक्टर होते. सुखवस्तू घरातील बाईने घरी बसून आयुष्य काढले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९३७-३८ च्या सुमारास मुंबई प्रांतात प्रौढशिक्षणाची चळवळ सुरू झाली, आणि कुलसुमबाई तीत उतरल्या. मोहल्ल्यातील बायका वर्गाला येऊ शकत नाहीत, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी साधा उपाय काढला : बाई शाळेत येत नसेल तर शिक्षिकेने तिच्या घरी जावे. चुलीजवळ, पाळण्याशेजारी अक्षरे शिकविली जाऊ लागली.

नुसती अक्षरे येऊन भागत नाही. वाचायला सोपे काही मिळाले नाही, तर शिकलेले विसरले जाते. हे जाणून १९४० साली त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढले. त्याची भाषा बोलीतील सोपी हिंदुस्तानी होती, आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. हे पाक्षिक त्यांनी १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालविले. घरातला छोटा मुलगा त्या कामात आईला मदत करी. पुढे त्याच मुलाचा आवाज १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’तून घराघरांत पोहोचला. ते म्हणजे अमीन सयानी. सोपे आणि सर्वांना कळेल असे बोलणे त्यांनी कोठून उचलले असेल, हे वेगळे सांगायला नको. कुलसुमबाईंना पद्मश्री मिळाली आणि १९६९ साली नेहरू साक्षरता पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला. आई शिकलेली असली की घराची भाषा कशी बदलते, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

चौथी ओळख नर्गिस यांची. त्यांचा जन्म १९२९ सालचा, मूळ नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई या नामांकित गायिका. बाई संगीत देऊ शकते हेच लोकांना पटत नव्हते, त्या काळात जद्दनबाईंनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९३५ सालच्या ‘तलाशे हक’ला स्वतः संगीतही दिले. त्याच चित्रपटात छोटी नर्गिस प्रथम पडद्यावर आली. १९५७ च्या ‘मदर इंडिया’ने त्यांचे नाव जगभर गेले, १९५८ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी कार्लोव्ही व्हेरीच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

पण त्यांचे खरे मोठेपण कीर्ती मिळाल्यानंतरच्या वागण्यात आहे. विवाहानंतर त्यांनी चित्रपट जवळजवळ सोडला आणि पती सुनील दत्त यांच्यासह कलावंतांचे पथक घेऊन सीमेवरील जवानांपर्यंत जाऊन कार्यक्रम केले. अपंग मुलांसाठी मुंबईत सुरू झालेल्या स्पॅस्टिक्स सोसायटीच्या पाठीशी त्या आश्रयदात्या म्हणून उभ्या राहिल्या. १९८० साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या चित्रपट-अभिनेत्री. दुर्दैवाने ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे कर्करोगाच्या गोरगरीब रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय त्यांच्या नावाने उभे आहे. चित्रपटाच्या जाहिराती केव्हाच फाटून गेल्या, पण रुग्णालयाच्या दारावरील नाव टिकले आहे.

पाचवे नाव दूरदर्शनवरचे, म्हणजे तबस्सुम यांचे. १९४४ साली मुंबईत जन्म. वडील हिंदू, आई मुस्लिम. पत्नीच्या भावनांचा आदर म्हणून वडिलांनी मुलीचे नाव तबस्सुम ठेवले, तर पतीच्या भावनांचा आदर म्हणून आईने तिला किरणबाला म्हटले. एका लेकराच्या दोन नावांत केवढा सलोखा सामावला आहे! १९४७ पासून ‘बेबी तबस्सुम’ म्हणून त्या बालभूमिका करू लागल्या. बालकलाकारांपैकी पुष्कळ जण मोठे झाल्यावर विस्मरणात जातात. तबस्सुम गेल्या नाहीत, कारण शब्द हे त्यांचे भांडवल होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि त्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला. तो १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला. समोरच्या पाहुण्याला बोलते करणे हे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी वाचन लागते, स्मरणशक्ती लागते, हजरजबाबीपणा लागतो, आणि समोरच्याचा मान राखून हसविण्याची अदब लागते. स्त्रियांच्या ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाचे संपादनही त्यांनी पंधरा वर्षे केले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

शेवटची ओळख न्यायमूर्ती फातिमा बीवी यांची. केरळातील पथनमथिट्टा या गावी ३० एप्रिल १९२७ रोजी जन्मलेली ही आठ भावंडांतील थोरली मुलगी. वडील मीरासाहेब. त्रिवेंद्रमला विज्ञानाची पदवी घेतल्यावर रसायनशास्त्रात पुढे शिकावे असा मुलीचा विचार होता. पण त्रावणकोर संस्थानात अ‍ॅना चंडी नावाची स्त्री १९३७ साली मुन्सिफ झाली होती, हे वडिलांनी पाहिले होते. त्यांनी मुलीला कायदा शिकण्यास सांगितले. लक्षात घ्या, दुसऱ्याची मुलगी पुढे गेलेली पाहून ‘बघा, जमाना कसा बिघडला’ असे मीरासाहेब म्हणाले नाहीत. ‘माझी का नाही?’ असा विचार त्यांनी केला.

१९५० साली बार कौन्सिलच्या परीक्षेत फातिमा बीवी पहिल्या आल्या आणि सुवर्णपदक मिळवून वकिली करू लागल्या. १९५८ मध्ये मुन्सिफ, १९७४ मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश! वकिलीची सनद मिळाल्यापासून या पदापर्यंत एकोणचाळीस वर्षे लागली. हा जिना एकेक पायरीने चढलेला आहे. १९९७ ते २००१ या काळात त्या तामिळनाडूच्या राज्यपाल होत्या. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्या निवर्तल्या, आणि २०२४ साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.

यावर एखादे पालक म्हणतील, ‘आम्हाला आमच्या मुलींना सिनेमात घालायचे नाही.’ जरूर घालू नका; तसा आग्रह येथे कोणी धरलेला नाही. वरील सहा जणींपैकी कोणाचे क्षेत्र कोणाला पसंत पडेल, कोणाला पडणार नाही. पसंती-नापसंती बाजूला ठेवून एवढेच पाहा, की सहाही जणींपाशी प्रसिद्धीपूर्वी काहीतरी कमावलेले होते : कोणाजवळ कायदा, कोणाजवळ भाषा, कोणाजवळ कला. आणि जिथे जिथे घरातील वडीलधाऱ्यांनी वाट मोकळी करून दिली, तिथे ती कमाई वाया गेली नाही. जद्दनबाईंनी आई म्हणून जे केले, तेच मीरासाहेबांनी वडील म्हणून केले.

दुसरे कोणी म्हणतील, ‘ही मोठ्या घरांची गोष्ट झाली.’ काही जणींबाबत ते खरेही आहे. पण कुलसुमबाईंच्या शिक्षिका ज्या घरांत गेल्या, ती घरे मोठी नव्हती. तेथील बायकांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. तरीही त्या बायका आपल्या मुलांची प्रगतिपुस्तके स्वतः वाचू लागल्या असतील, तर तीही कर्तबगारीच म्हणावी लागेल.

सुज्ञ पालकहो, सातवी झाली, दहावी झाली, आता पुरे, असे म्हणून मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज करण्यापूर्वी एक दिवस थांबा. तिला काय शिकायचे आहे ते तिलाच विचारा. तालुक्याचे कॉलेज लांब असेल, तर त्याच वाटेने जाणाऱ्या आणखी दोन मुलींच्या घरी जाऊन बोला. तिघी मिळून एस.टी.ने गेल्या की निम्मी काळजी मिटते. फीची अडचण असेल तर संस्थेच्या कार्यालयात येऊन मोकळेपणाने सांगा. आणि विद्यार्थिनींनो, तुम्हीही लक्षात ठेवा. नाव होईल की नाही, हे कोणाच्याच हाती नाही. तयारी मात्र तुमच्या हाती आहे. ती उद्याच्या पहिल्या तासापासून सुरू करा.