तसबीर, फोटो आणि छायाचित्र : बीडच्या बोलीतून दिसणारा घरगुती छायाचित्रणाचा इतिहास

१

मराठीत एकाच वस्तूला तीन नावे असावीत, यात नवल असे काही नाही. परंतु त्या तिन्ही नावांची लिंगे भिन्न असावीत, ही गोष्ट अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. तसबीर स्त्रीलिंगी, फोटो पुल्लिंगी आणि छायाचित्र नपुंसकलिंगी. या भेदाबरोबर क्रियापदांचाही भेद येतो. आजच्या बोलण्यात तसबीर भिंतीवर लावतात, फोटो काढतात आणि छायाचित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध होते. वृत्तपत्रात तसबीर प्रसिद्ध झाली असे कोणी म्हणत नाही, आणि लग्नघरात 'आता सर्वांचे छायाचित्र घेऊ' असे कोणी म्हटलेच, तर ऐकणाऱ्यांना हसू येते.

हा भेद केवळ रूढीचा नाही. तो इतिहासाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी बीड जिल्ह्याचे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्याची पश्चिम सीमा मात्र ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर जिल्ह्याला भिडलेली होती. त्यामुळे हैदराबादच्या दरबारचे शब्द आणि मुंबई-पुण्याकडचे शब्द येथे एकाच घरात नांदले. वस्तूंचा इतिहास जसा दप्तरांतून कळतो, तसा तो घरातील बोलण्यातूनही कळतो; आणि घरातल्या घरात काढलेल्या, धुतलेल्या, सुधारलेल्या चित्रांचा इतिहास तर मुख्यतः बोलण्यातच उरला आहे.

२

प्रथम 'तसबीर' हा शब्द घेऊ. अरबी 'तस्वीर' हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला व 'व'चा 'ब' होऊन येथे स्थिरावला. त्याच्या मुळाशी 'रूप देणे' या अर्थाचा स-व-र हा धातू आहे. 'सुरत' हा आपला परिचित शब्द त्याच धातूचा, आणि चित्रकारवाचक 'मुसव्विर' हाही त्याचाच. कॅमेरा आला तेव्हा हा शब्द नवा नव्हता. हाताने रंगविलेल्या चित्रासाठी तो आधीपासून रूढ होता.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सहाव्या निजामाचे, महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागलेल्या या गृहस्थाने पुढे सिकंदराबादेस आणि १८९६ मध्ये मुंबईस चित्रशाळा उघडली. निजामाने त्यांस 'राजा बहादुर मुसव्विर जंग' हा किताब दिला. कॅमेरा चालविणाऱ्या माणसास दरबाराने चित्रकारवाचक उपाधी द्यावी, यावरून दरबारच्या भाषेने या नव्या कलेला जुन्या कलेच्याच घरात जागा दिली, हे उघड होते. पुढे उर्दूत या कलेसाठी 'अक्कासी' हा शब्द रूढ झाला. 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'उलट'. काचेवरचे उलटे चित्र ज्याने पाहिले आहे त्यास या शब्दाची समर्पकता सांगावयास नको. तथापि 'अक्कासी' मराठीने घेतला नाही. 'तसबीर' मात्र ठेवला.

दीनदयाळ यांच्या कार्यातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि तिची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे सोपविली. पुरुषाची नजर पडणार नाही अशा बंदिस्त जागेत स्त्रियांची चित्रे काढली जावीत, हा तिचा हेतू. म्हणजे या राज्यात चित्र काढविण्यासाठी घराबाहेर पडणे ही स्त्रीची अडचण होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून चित्रशाळेलाच अंतःपुराचे रूप द्यावे लागले.

तसबिरीला देवघराची प्रतिष्ठा मिळाली ती मात्र दुसऱ्या मार्गाने. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य घरांत पोहोचली. चौकट, काच, खिळा, हार ही तसबिरीची सामग्री बनली. पूर्वजांची छायाचित्रे त्याच रांगेत लागली, तेव्हा तीही 'तसबिरी' झाली. जिवंत माणसाचा फोटो असतो आणि गेलेल्या माणसाची तसबीर होते, ही अर्थच्छटा या शब्दास अशा रीतीने प्राप्त झाली.

३

'फोटो काढणे' या प्रयोगाकडे वळल्यावर वेगळेच क्षेत्र दिसू लागते. उत्तरेकडील हिंदी-उर्दूत फोटो 'खींचते' अथवा 'उतारते'. मराठीत तो 'काढतो'. तेलुगूत या ठिकाणी 'तीयु' हे क्रियापद येते व कन्नडात 'तेगे' येते. दोहोंचा मूळ अर्थ 'बाहेर काढणे' असाच आहे. दखनी बोलीत, आणि मुंबईच्या हिंदीतही, 'फोटो निकालना' असे म्हणतात. म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातील मराठी, तेलुगू व कन्नड या तीन लोकभाषा आणि त्यांच्या सहवासात वाढलेली दखनी या बाबतीत एकमत आहेत, आणि त्यांचे मत उत्तरेहून भिन्न आहे. आर्य व द्राविड हा कुलभेद येथे आडवा येत नाही. शेजाराने भाषा कशा जुळतात, याचे हे अगदी अलीकडच्या काळातील उदाहरण होय.

हे इंग्रजी 'टेक'चे भाषांतर असेल, असा आक्षेप संभवतो. तो टिकण्यासारखा नाही. तसे असते तर मराठीत 'घेणे' हे क्रियापद आले असते; आणि जेथे इंग्रजीचा प्रभाव प्रत्यक्ष होता तेथे, म्हणजे चित्रपटाच्या धंद्यात, 'शॉट घेणे' असेच म्हणतात. लेखी मराठीही छायाचित्र 'घेते' अथवा 'टिपते'. बोलीने मात्र 'काढणे' स्वीकारले, कारण ते तिच्याजवळ होतेच. रांगोळी काढतात, नक्षी काढतात, कशिदा काढतात, वळणदार अक्षर काढतात. या क्रिया बहुतांशी घरातल्या, आणि त्यांतील पुष्कळशा स्त्रियांच्या हातच्या आहेत. बाहेरून आलेल्या यंत्राची क्रिया बोलीने या घरगुती कलांच्या पंक्तीस बसविली.

४

हे बसविणे निव्वळ शाब्दिक नव्हते. छायाचित्रणाची कृतीही दीर्घकाळ घरकामासारखीच होती. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पाठोपाठ एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला व तेथे हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तयार झाले. त्या काळी काचेवर ओले द्रावण चढवून ते वाळण्यापूर्वीच चित्र काढावे व धुवावे लागे; म्हणून अंधारी खोली हाताशी असणे अपरिहार्य होते. पुढे कोरड्या काचा, नंतर गुंडाळीची फिल्म आली. कागदावर ठसा उमटविण्याचे काम पुष्कळदा उन्हातच होई : काच व कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवावयाचे, कागद हवा तितका काळवंडला की उचलावयाचा, हायपोच्या पाण्यात स्थिर करावयाचा, पुन्हापुन्हा धुवावयाचा व सावलीत वाळवावयाचा. पापड-कुरडयांचे वाळवण ज्यांनी घातले आहे त्यांस या कामातील दक्षता निराळी शिकवावी लागली नसती.

'रोल धुवायला दिला' हा परवापरवापर्यंतचा सर्वपरिचित प्रयोग याच कृतीतून आला आहे. त्यातील 'धुणे' अक्षरशः खरे आहे. शेवटच्या धुण्यात हायपोचा अंश राहिला, तर चित्र काही वर्षांनी पिवळे पडते व विटते. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात, जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न असतो, तेथे विटलेल्या तसबिरीकडे पाहताना काळाबरोबर पाण्याचाही विचार अभ्यासकाने केला पाहिजे.

जुन्या वाड्याची रचनाही या कलेला अनुकूल होती. चौकात वरून ऊन येते. तेथे माणूस उभा केला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. ओसरीवर उजेड भरपूर, पण मऊ असतो. चेहऱ्यासाठी तोच उत्तम. एका बाजूस पांढरे धोतर अथवा चादर धरली की दुसऱ्या गालावरची काळिमा निवळते. माजघर मुळातच अंधारे. दार लावले, फटी बुजविल्या आणि तांबड्या काचेचा दिवा ठेवला की चित्र धुण्याची खोली तयार होते.

घरच चित्रशाळा झाल्याचे सर्वांत चांगले नोंदलेले मराठी उदाहरण बीडबाहेरचे, धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांच्या कुटुंबाचे आहे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या, गोध्र्यास छायाचित्राचा धंदा केलेल्या व रविवर्मा छापखान्याशीही संबंध आलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणला. द्रव्यसाहाय्य मिळविण्यासाठी प्रथम जे केले ते नाटक नव्हते. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोखून, रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट घरीच तयार केला. अनेक दिवसांची वाढ क्षणांत दाखविणारी ही युक्ती म्हणजे कुंडी, उजेड आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर उभी राहिलेली कल्पना होय.

पुढे 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या वेळी दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम रात्री अंधारात चाले, आणि ते पत्नी सरस्वतीबाई करीत. दिवसा त्याच बाई मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत. उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतविण्याचे कामही त्यांनी केल्याचे सांगितले जाते. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. इतिहासाने फाळक्यांना चित्रपटाचे जनक म्हटले. चादर धरणे, धुणे, वाळविणे व जोडणे ही कामे घरकामासारखीच असल्यामुळे ती घरकामासारखीच नजरेआड झाली. 'काढणे' आणि 'धुणे' ही क्रियापदे मात्र त्यांची साक्ष देत राहिली आहेत.

५

आता प्रश्न असा की, या इतिहासाचा आज उपयोग काय? बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे घरी वृद्ध माणसे राहतात, अथवा दाराला कुलूप असते. भिंतीवरच्या तसबिरीस ओल लागते, वाळवी लागते. नवे फोटो मोबाइलमध्ये असतात. मोबाइल बिघडला की लग्न, बारसे, गेलेल्या आईचा चेहरा, सर्व एकदम जाते. पूर्वीची तसबीर विटावयास पन्नास वर्षे लागत. आताचा फोटो एका दिवसात नाहीसा होऊ शकतो. म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने शब्द टिपताना चित्रांची प्रतही घ्यावी. त्यास घरातील साधने पुरेशी आहेत.

तसबीर ओसरीवर, उन्हाच्या झोतात नव्हे तर मऊ उजेडात ठेवावी. मोबाइलचा दिवा लावू नये. काचेवर त्याची चकाकी येते. आपल्या व तसबिरीच्या मध्ये, भिंगापुरती जागा मोकळी ठेवून, काळे कापड धरावयास सांगावे, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब उमटत नाही. कॅमेरा तसबिरीशी समांतर असावा. कागद काचेला चिकटला असल्यास तो सोडविण्याचा प्रयत्न करू नये. चित्राचा थर कागदावरून सुटतो. दुसरे चित्र तिरक्या उजेडात काढावे. पुठ्ठ्यावर दाबून उठविलेले चित्रशाळेचे नाव अथवा पुसट झालेली अक्षरे त्यात वाचता येतात. मागील बाजूचेही चित्र अवश्य काढावे.

यानंतरच्या कामास हल्ली 'संपादन' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या विद्याशाखेस सुपरिचित आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईच्या जिल्ह्यात पोथीचे संपादन कसे करावे, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. पोथीचा खंडित पाठ संपादक आपल्या पदरचा भरीत नाही. भरलाच तर कंसात देतो. तोच नियम येथे पाळावा. मूळ प्रत न बदलता ठेवावी व दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी. उजेड वाढविला, पिवळेपणा कमी केला, तर तसे नोंदवावे. फाटलेला कोपरा यंत्राकडून नव्याने रचून घेऊ नये. चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. कारण जुन्या कारागिराने काचेवर शिसपेनीने केलेली दुरुस्ती हाही पुरावाच असतो, आणि ही सोय तो पुसून टाकते.

शेवटी नोंदीच्या कार्डाविषयी. त्यात चित्रातील व्यक्तींची नावे घरच्यांच्या संमतीनेच लिहावीत व स्त्रियांची नावे केवळ नात्याने न लिहिता नावानेच लिहावीत. चित्र कोणी काढले याबरोबरच ते कोणी जपले, हेही विचारावे. आणि सांगणाऱ्याने त्यास तसबीर म्हटले की फोटो, 'काढला' म्हटले की 'काढविला' की 'निकाला', हे जसेच्या तसे उतरून घ्यावे. पंचवीस-तीस घरांतील अशी कार्डे एकत्र झाली, तर बीड, पाटोदा, केज, अंबाजोगाई व परळी या भागांत कोणता शब्द कोणत्या घरात थांबला, याचा नकाशा काढणे शक्य होईल.