माळवदापासून स्लॅबपर्यंत : परभणीच्या घरांतील बिनतारी लहरी

परभणी जिल्ह्यातील ज्या घरांत आज खालच्या बैठकीत वायफाय उत्तम चालते आणि जिना चढून वर जाताच तेच रेंगाळू लागते, त्या घरांच्या त्रासाचे मूळ यंत्रापेक्षा इतिहासातच अधिक सापडेल, असे माझे मत आहे. कारण गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत येथे दोन गोष्टी पालटत गेल्या, मातीची घरे लोखंडाची झाली आणि लांब लहरी आखूड झाल्या.

हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता आणि जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती असे, त्या काळात, 1935 साली, हैदराबाद सरकारने तेथील नभोवाणी केंद्र आपल्या ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादेतही केंद्र निघाले. मनमाड-हैदराबाद लोहमार्गाबरोबर तार आली होती, परंतु ती स्टेशनाच्या खोलीत थांबे; नभोवाणी मात्र, ज्याला परवडेल त्याच्या, थेट दिवाणखान्यात येई. 17 सप्टेंबर 1948 रोजी शरणागतीची वार्ता निजामाने स्वतः नभोवाणीवरून दिली, तेव्हा मराठवाड्याच्या मुक्तीची बातमीही याच लहरींवरून घरोघर पोहोचली. 1950 साली ही केंद्रे आकाशवाणीकडे आली.

ज्या घरांत त्या लहरी उतरत, ती घरे आठवली पाहिजेत. काळ्या दगडाचे जोते, हातभर किंवा त्याहूनही जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर देऊन केलेले माळवद, असा जिंतूर-पाथरीकडील जुन्या वाड्यांचा बांधा. त्यात लोखंड म्हणाल तर खिळे, कड्या आणि दारांच्या पट्ट्या, एवढेच. मोठ्या लांबीच्या लहरींना अशा घराचा अडथळा जवळजवळ नव्हता. तरीही रेडिओवाले घर माळवदावर दोन बांबू रोवून त्यांत तांब्याची तार ताणी, तिचे टोक गवाक्षातून आत घेई आणि दुसरी तार ओल्या जमिनीत पुरी, कारण लहर जेथे मोकळी मिळते तेथे जाऊन ती घ्यावी, ही जाण त्या पिढीला पक्की होती. यंत्र ठेवण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरसाल त्याची फी भरावी लागे, हेही तेवढ्याच निष्ठेने होई.

1968 साली खुद्द परभणीत आकाशवाणीचे केंद्र झाले. त्याच्या 1305 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 230 मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकाडांना वळसा घालते आणि गोदाकाठच्या गंगाखेड-सोनपेठेपर्यंत सहज जाते. चार वर्षांनी, 1972 च्या मे महिन्यात, येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि कापूस व ज्वारी पिकवणाऱ्या या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या बांधावर ट्रान्झिस्टर हे ज्ञानाचे साधन ठरले. विद्या आणि लहर यांची एकाच गावी पडलेली ही गाठ मला परभणीच्या आधुनिक इतिहासातील फार मोलाची घटना वाटते.

त्यानंतर स्लॅब आला. माळवद दर पावसाळ्यापूर्वी निगा मागे आणि तरीही गळे, म्हणून लोकांनी सिमेंट-सळईचे छत पत्करले, यात त्यांचे काही चुकले नाही. पण सळयांच्या त्या जाळीने ट्रान्झिस्टरचा आवाज खरखरू लागला आणि मंडळी तो उचलून खिडकीत किंवा गच्चीवर नेऊ लागली. आजच्या वायफायच्या तक्रारीची ही पहिली नोंद होती.

आखूड लहरीचा इतिहास मात्र याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. वायफायच्या लहरी याच कुळातील: 2.4 गीगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, 5 गीगाहर्ट्झची सहा सेंटीमीटरच्या आसपास. 2005 साली केंद्र सरकारने 2.4 गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीची यंत्रे परवान्यातून मुक्त केली. त्या यंत्राची शक्ती एका वॅटचाही लहानसा अंश; तिला काँक्रीट शोषते, सळई परतवते, पाण्याची टाकी आणि लोखंडी कपाट अडवते. सहा सेंटीमीटरची लहर वेग अधिक देते, पण स्लॅबमध्ये तीच आधी खचते. म्हणून वरच्या मजल्यावर पुष्कळदा 2.4 चा संथ पट्टाच अधिक उपयोगी पडतो.

उपाय माळवदावर तार चढवणाऱ्यांच्याच वाटेवरचा आहे. दूरचित्रवाणीमागे, कपाटाच्या आड कोंडलेला राउटर जिन्याच्या तोंडाशी, पुरुषभर उंचीवर आणावा, कारण जिन्याची पोकळी हीच स्लॅबमधील एकमेव मोकळी वाट असते. तेवढ्याने न भागल्यास वर दुसरे यंत्र बसवून त्याला खालून तार द्यावी. तारेवाचून लहर पुढे देणारी यंत्रे सोयीची खरी, परंतु तीही त्याच स्लॅबमधून लहर ओढतात, म्हणून माझा कौल तारेलाच आहे. आज सेलूत किंवा मानवतला ज्यांचे घर वर चढते आहे, त्यांनी स्लॅब पडण्यापूर्वी विजेच्या नळ्यांबरोबर, पण त्यांच्यापासून वेगळी, एक रिकामी नळी जिन्यालगत खालून वरपर्यंत टाकून घ्यावी आणि तिच्या दोन्ही तोंडांशी एकेक पेटी बसवावी.