नोकरभरतीतील स्त्री-कोटा : लाभाची मीमांसा

प्रथम संज्ञा निश्चित करू. ‘कोटा’ म्हणजे स्त्रियांचे असे किमान प्रमाण, जे न पाळल्यास दंड होतो. दंड नसेल तर ते केवळ उद्दिष्ट होय. ‘लाभ’ द्विविध आहे : (१) भागधारकाचा, जो समभागाच्या भावात दिसतो, (२) संस्थेचा, जो निवडीचे क्षेत्र रुंदावल्याने मिळतो. पहिला मोजता येतो, म्हणून वाद बहुधा त्याच्यावरच होतो.

कोटाही स्थानपरत्वे द्विविध : संचालक मंडळावरील आणि भरतीतील. पहिल्याची परीक्षा नॉर्वेत झाली. तेथे २००३ साली सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांवर ४० टक्के स्त्रियांची अट आली. तेव्हा प्रमाण ९ टक्के होते. २००८ पासून अट मोडणाऱ्या कंपनीला विसर्जनाची शिक्षा होती. काही कंपन्यांनी कायदेशीर स्वरूप पालटून कायद्याची कक्षाच सोडली. कोट्याने कंपन्यांचे मूल्य घटले, असे अहर्न व डिटमार यांनी २०१२ साली मांडले. पुढे एक्बो प्रभृतींच्या फेरतपासणीत ती घट सांख्यिकीदृष्ट्या टिकली नाही. अधिक महत्त्वाचा निष्कर्ष बर्ट्रांड व सहकाऱ्यांचा (२०१९) : मंडळाखालील स्त्रियांच्या स्थितीत लक्षणीय फरक पडला नाही. अर्थात वरचा कोटा खाली झिरपत नाही.

भारतात कंपनी कायदा, २०१३च्या कलम १४९ नुसार ठरावीक वर्गांतील कंपन्यांत एक स्त्री संचालक आवश्यक झाली. अनेक प्रवर्तकांनी पत्नीचे वा कन्येचे नाव घातले. अशा ठिकाणी सभेची नोटीस घरच्याच पत्त्यावर जाते आणि इतिवृत्तात उपस्थिती बिनचूक असते. यास्तव सेबीने २०१९ पासून आघाडीच्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना स्वतंत्र स्त्री संचालकाची अट घातली.

मंडळावरील कोटा खाली झिरपत नाही, म्हणून भरतीतील कोट्याची मीमांसा स्वतंत्र करावी लागते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली; कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेर तिचे वेतन मालकच देतो. ५० वा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघरही त्यानेच पुरवायचे. परिणामी स्त्रियांना घेणारा खर्च सोसतो, टाळणारा वाचवतो. सर्वांना समान कोटा लागू झाल्यास टाळण्याचा हा फायदा संपतो. खर्च मात्र नष्ट होत नाही. तो केवळ सर्वांवर येतो.

येथे एक उपभेद आवश्यक आहे. पात्र उमेदवार असूनही टाळल्या जातात, तेथे कोटा उद्योगाला हितकर. पात्र उमेदवार अर्जच करत नाहीत, तेथे जागा रिकामी राहते किंवा घाईने भरली जाते. दुसऱ्या प्रकारातही अर्ज न येण्याचे कारण शोधावे लागते, आणि ते पुष्कळदा जाहिरातीत नसते : दुसरी पाळी रात्री सुटते, तेव्हा फाटकाबाहेर बस नसते.