हेडफोन ॲम्प घ्यायचाय, पण बजेट कमी? आधी हे गणित करून बघा

फोनमधून ३.५ एमएमचा जॅक गायब झाला आणि बाजारात छोट्या डोंगलपासून खिशात मावणाऱ्या ॲम्पपर्यंत ढीगभर वस्तू आल्या. प्रत्येकाच्या बॉक्सवर ‘३२ बिट’, ‘हाय-रेस’, ‘स्टुडिओ क्वालिटी’ असं काहीतरी छापलेलं असतंच. पण तुमच्या हेडफोनला यातलं नक्की काय लागतं, की काहीच लागत नाही, हे ऑर्डर करण्याआधी पाच मिनिटांत काढता येतं. कसं ते बघू.

डॅक आणि ॲम्प म्हणजे काय?

फोनमधलं गाणं म्हणजे आकडे. त्या आकड्यांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो तो डॅक. त्या सिग्नलला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो ॲम्प. यूएसबी-सी डोंगलमध्ये हे दोन्ही असतात. जुन्या पद्धतीचा बॅटरीवाला ॲम्प फोनच्या जॅकला लागतो. त्यात डॅक नसतो, त्यामुळे फोनच्या आवाजात खरखर असेल तर तीही मोठी होऊन ऐकू येते.

तुमचा हेडफोन ब्लूटूथवर चालत असेल तर इथेच थांबा. त्याच्या आत स्वतःचा डॅक आणि ॲम्प असतो. डोंगल घेऊन काहीही फरक पडणार नाही.

शे-दोनशेच्या ॲडॉप्टरची गोची

यूएसबी-सी टू ३.५ एमएम ॲडॉप्टर दोन प्रकारचे असतात. एकात डॅक असतो, दुसऱ्यात नुसत्या वायरी. नुसत्या वायरींचा ॲडॉप्टर फक्त अशाच फोनवर चालतो जो यूएसबी-सी पोर्टमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर काढतो. तुमचा फोन तसा नसेल तर ॲडॉप्टर लावूनही आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहतो. म्हणून लिस्टिंगमध्ये ‘डॅक’ हा शब्द स्पष्ट लिहिलाय का ते बघा. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतून घेणार असाल तर फोन आणि हेडफोन सोबत न्या, तिथेच लावून बघा.

आता मुख्य गणित

हेडफोनच्या बॉक्सवर दोन आकडे शोधा: इम्पीडन्स (ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (एक मिलीवॅटला किती डेसिबल).

चांगला साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. १ व्होल्टला मिळणारे मिलीवॅट काढायचे तर १००० ला ओहमने भागा. मग लक्षात ठेवा: पॉवर दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. हे वाढीव डेसिबल सेन्सिटिव्हिटीत मिळवा.

काही माहितीतले हेडफोन घेऊ:

- ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स, ३८ ओहम, ९९ डेसिबल: सुमारे २६ मिलीवॅट, म्हणजे जवळपास ११३ डेसिबल.
- बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहम, ९६ डेसिबल: १२.५ मिलीवॅट, सुमारे १०७ डेसिबल.
- तोच डीटी ७७० प्रो, पण २५० ओहमचा: ४ मिलीवॅट, सुमारे १०२ डेसिबल.

हे सगळे कमाल आकडे आहेत. आपण गाणी सरासरी ७०-७५ डेसिबलला ऐकतो आणि गाण्यातले मोठे ठोके त्याच्या वर २० डेसिबलपर्यंत जातात. म्हणजे १०५-११० डेसिबलची सोय असली की भरपूर झालं. पहिल्या दोघांना साधा डोंगल पुरतो. तिसऱ्याला हळू आवाजात रेकॉर्ड केलेली गाणी किंवा सिनेमे कमी पडू शकतात. तिथे २ व्होल्टचा डोंगल घेतला तर आणखी ६ डेसिबल मिळतात.

एक सावधगिरी: काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलीवॅटऐवजी एका व्होल्टला देतात. तसं असेल तर तो आकडाच १ व्होल्टचं उत्तर, वेगळं गणित नको.

बजेटनुसार काय घ्यायचं?

*इअरफोन, आयईएम किंवा ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन:* हजाराच्या आसपासचा डॅकवाला डोंगल पुरे. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल यासाठी प्रसिद्ध आहे, पण अँड्रॉइडवाल्यांनी जपून. अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही, आणि युरोपात विकली जाणारी आवृत्ती १ ऐवजी ०.५ व्होल्टचीच आहे.

*१५० ते ३०० ओहमचे हेडफोन:* २ व्होल्ट किंवा जास्त देणारा डोंगल घ्या. ४.४ एमएमचा बॅलन्स्ड जॅक असला तर त्यातून साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतं, पण हेडफोनची केबलही तशीच लागते. तो खर्च आधी धरा.

*अजून हेडफोनच घ्यायचाय:* मग आधी पैसे हेडफोनवर लावा. आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथे पडतो.

ऑर्डर करण्याआधी तपासा

- आउटपुट इम्पीडन्स: हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. ३२ ओहमला ४ ओहमच्या आत. जास्त असला तर काही आयईएमचा बेस-ट्रेबलचा तोल बिघडतो.
- पॉवरचा आकडा कोणत्या ओहमला आहे: ‘१०० मिलीवॅट’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. ३२ ओहमचा आकडा ३०० ओहमला लागू होत नाही.
- बिट आणि किलोहर्ट्झ: सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते. ३८४ किलोहर्ट्झसाठी जास्त पैसे देऊ नका.
- माइक: बीजीएमआय खेळता किंवा कॉलवर बोलता? सगळे डोंगल माइक चालवत नाहीत.
- चार्जिंग: डोंगल फोनच्याच बॅटरीवर चालतो आणि तोपर्यंत पोर्ट अडकलेला असतो.
- ओटीजी: ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवोच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजीचा वेगळा स्विच असतो. डोंगल ओळखला गेला नाही तर रिटर्न टाकण्याआधी सेटिंगमध्ये तो चालू करून बघा.

आणि एक गोष्ट, कानांची

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणून ताकदवान डोंगल लावताना व्हॉल्यूम आधी खाली आणा, गेन स्विच असेल तर ‘लो’वर ठेवा, मग हळूहळू वाढवा.

दोन डोंगलची तुलना करतानाही आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला ‘भारी’ वाटतो, आणि दुकानदाराला हे चांगलं माहीत असतं.

तुमचा हेडफोन आत्ता ६०-७० टक्के व्हॉल्यूमवर पुरेसा मोठा आणि स्वच्छ वाजतोय का? मग तुम्हाला ॲम्प नकोय. ते पैसे पुढच्या हेडफोनसाठी बाजूला टाका.