क्रीडा पत्रकार व्हायचंय? तयारी कॉलेजातच करा

आपल्या मोहल्ल्यातली मुलं-मुली स्कोअर तोंडपाठ सांगतात, पण त्याचीच बातमी लिहायला बसली की अडतात. बारावीनंतर पत्रकारितेची पदवी घेता येते. पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, तर दिल्लीत जामिया मिल्लियाचं १९८२ साली सुरू झालेलं मास कम्युनिकेशन केंद्र. पत्रकारितेच्या अभ्यासात क्रीडा हा बहुधा एक छोटा भाग असतो. बाकी सराव आपणच करायचा. रात्रीचा सामना संपताच बातमी द्यावी लागते: निकाल सुरुवातीलाच, आकडे आणि नावं तपासलेली. आम्ही म्हणू, जवळच्या मैदानापासून सुरुवात करा. मुलींची कबड्डी, शाळेची फुटबॉल स्पर्धा, ज्यांची बातमी कुणी छापत नाही, त्यांची लिहा. नोकरी मागताना पदवीबरोबर हेच लिखाण दाखवता येतं.